झडतीत न सापडलेलं

पहिल्या दिवशी बर्फावर उमटलेलं पाहून
मोखेथीनं मला हाक मारली,
"मापुलेंग, आत काहीतरी फुटलंय."
मी म्हटलं, न्टाते, रक्त नाही ते,
कॅप्सूलचा रंग आहे. घामही असाच येईल.
रडू नका म्हणत नाही,
रुमाल मात्र जुना घ्या.

रोज सकाळी तट्टावरून ही चढण चढते,
त्याच्या जिभेखाली बघते,
वहीत फुली मारते.
तासभर पोटात काही नको, म्हणून त्याची बायको
मक्याच्या पेजेवर झाकण ठेवून
माझ्याकडे रागानं बघत बसते.

सत्तावीस वर्षं तो जमिनीखाली
दुसऱ्या देशाचं सोनं फोडत होता.
पाळी संपली की फाटकावर कपडे उतरवायचे,
तोंड उघडायचं, केस झटकून दाखवायचे.
छातीत भरलेल्या धुळीची
झडती कुणी घेतली नाही.

थोरली बहीण, माथेको. बोटं झडलेली.
तिलाही हीच कॅप्सूल, महिन्यातून एकदा.
तिचं ताट वेगळं काढलं होतं
ते त्यानंच.
काल दोघं भिंतीला टेकून उन्हात बसलेले;
दोन्ही तळव्यांत कप धरून
तिनं पाणी त्याच्या ओठांना लावलं.
तो जरा थांबला. मग प्याला.

आज नव्वदावी फुली.
गोठ्याआडून त्याचा आवाज आला,
"बघ गं, कंपनीला सापडलं नाही ते!"
आणि बर्फावर
लांबलचक सोनेरी रेघ ओढत गेला,
हसत,
मधे एकदाही न खोकता.