शेरा

रविवारी दहाला मी कुलूप काढते.
दांडिया बाजारात औषधांच्या दुकानावरची खोली,
एक पंखा, तीन कपाटं, सतरा मुलं.
परीक्षा जवळ नसेल तर बावीस.
टेबलावर माझं रजिस्टर.
बँकेत एकतीस वर्षं काढलेली बाई
रजिस्टरशिवाय मुलांशी बोलणार काय?
नाव, इयत्ता, पुस्तक, परतीची तारीख,
आणि शेवटचा अरुंद रकाना: शेरा.

त्यात मी लिहीत आले,
बरी. चांगला. अडखळते.
धैर्य खानविलकरच्या पुढे, कच्चा.
कर्जाच्या अर्जावर लिहावं
तितक्या सहज.

धैर्य आठ वर्षांचा. शाळा गुजराती.
मराठी घरातली, तोंडापुरती,
कागदावर कधी भेटलेली नाही.
पुस्तक उघडलं की त्याच्या पोटात दुखायचं.
मग पाणी हवं असायचं. मग पुन्हा पाणी.

त्या रविवारी खिडकीखाली
तो पाठमोरा बसला होता. ओठ हलत होते.
मी चपला काढून मागून गेले
तर पानावर सेव-उसळच्या कुपनाची पट्टी,
ओळीच्या डोक्यावर आडवी धरलेली.
शिरोरेघ झाकून
तो खालचं वाचत होता.

"काय करतोस रे?"
पट्टी मुठीत गेली.
"दोरी काढली," म्हणाला.
"मराठीत अक्षरं दोरीवर वाळत घातलेली असतात.
आमच्या शाळेतली जमिनीवर चालतात.
टांगलेली मला ओळखू येत नाहीत.
दोरी झाकली की उतरतात खाली."

"सगळी?"

"नाही. क नाही उतरत. ज पण नाही.
भ तर लबाडच आहे.
पण शेजारच्यांना विचारलं
की त्यांची नावं कळतात."

बँकेत खाडाखोड चालत नाही.
चुकलं तर एकच आडवी रेघ, बाजूला सही, तारीख.
'कच्चा'वर मी रेघ मारली. सही केली.
पुढे काय लिहायचं ते मात्र सुचेना.
पेन त्याच्याकडे सरकवलं. "तू लिही."

मग काय, रांगच लागली.

निहिराने लिहिलं: मी शेवटचं पान आधी बघते,
कुत्रा मरत नाही ना, मगच सुरू करते.
पार्थिव: मला ऐकलेलं कळतं, वाचलेलं नाही. अजून.
ओजसला गोष्टी नकोच आहेत.
त्याला औषधाच्या खोक्यातला तो
बारीक अक्षरांचा घडीचा कागद हवा,
खालच्या दुकानातले काका देतात,
बत्तीस घड्या, मोजून ठेवल्यात त्याने.
एकीने लिहिलं, टेबलाखाली.
बस्स. एवढंच. टेबलाखाली.
रकाना कुणालाच पुरला नाही,
अक्षरं परतीच्या तारखांवर चढली.

धैर्यने लिहिलं ते शब्द मराठी,
अक्षरं गुजराती, मोकळ्या डोक्यांची.
साठ वर्षं या शहरात दुकानांच्या पाट्या वाचणारी मी,
तरी बोट धरून वाचलं.

"आणि तुम्ही?" टेबलाखालून आवाज आला.
"तुमचा शेरा?"

मी?
मी किती पानं उरली ते मोजत वाचते.
हप्ते फेडल्यासारखी.
कुणाला सांगितलं नव्हतं हे,
ह्यांनाही नाही.

धैर्यने मूठ उघडली.
घामेजलेली पट्टी मधोमध फाडली,
अर्धी मला दिली.
"मग तुम्ही पानाचा आकडा झाका."

काल रात्री झाकून बघितला.
पट्टीला अजून उसळीचा वास येतो.
बराच वेळ वाचत होते,
किती पानं झाली, माहीत नाही.

माहीत आहे.
अठरा.