सतरा नंबर

ट्रेडमिलचा पट्टा मीच पुसतो.
सहा कप्पे, सहा पांढरे उंदीर,
मिनिटाला पंचवीस मीटर, रोज तासभर,
आठवड्याला पाच दिवस, सोळा आठवडे.
रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशेब मांडला:
एकशेवीस किलोमीटर.
म्हणजे सोलापूरहून जवळपास लातूर.
उंदीर मात्र अजून इथंच,
अक्कलकोट रोडच्या ह्या खोलीत,
बाहेर बेचाळीस डिग्री, आत एसीची घरघर.

पट्ट्याच्या टोकाला तारांची जाळी.
मागं सरकला की बारीक चटका.
हत्तुरे मॅडम म्हणाल्या, मल्लय्या, ह्याला प्रेरणा म्हणतात.
मी गप्प.
बावीस वर्षं चार यंत्रमाग सांभाळले मी.
धोटा थांबला की मालक काचेआडून उठायचा.
त्यालाही पुस्तकात काहीतरी नाव असेल.

मॅडमना शोधायचंय
पळून पळून हृदयाचा उजवा कप्पा
नेमका कुठल्या दिवशी सैल पडतो.
माणसाचं उघडून बघता येत नाही, म्हणून हे.
त्यांचा धाकटा भाऊ मॅरेथॉन पळायचा.
टेबलाच्या खिळ्याला त्याचं पदक अडकवलंय,
फोटो नाही.

काही ठिकाणी पोहायला लावतात, त्या सांगत होत्या,
शेपटीला वजन बांधून.
पण मग कळत नाही
हृदय कष्टानं बदललं की बुडायच्या भीतीनं.
मी विचारलं, आणि इथं कळतं?
त्यांनी जेलची बाटली उघडली,
उंदराच्या भादरलेल्या छातीवर थेंब सोडला,
पडद्यावर काहीतरी
मुठीसारखं उघडझाप करत राहिलं.

सतरा नंबर नवव्या आठवड्यात थांबला.
जाळीवर बसला.
चटका बसला, पाठ थरारली, हलला नाही.
काय बे, पळ की, मी म्हटलं.
त्यानं मिशा पुसल्या.
मॅडमनी वहीत एक शब्द लिहिला: वगळला.

रात्री बायकोला सांगितलं.
शेंगाचटणी कुटता कुटता ती म्हणाली,
शहाणा होता. तुम्हाला नाही जमलं.
आणि परत कुटायला लागली.

शेवटच्या दिवशी सगळ्यांचं उरकलं.
वगळलेल्याचं वजन करत नाहीत, तरी केलं.
भिजवलेल्या शेंगदाण्याएवढं.
आम्ही ह्याला काळीज म्हणतो.
मटणवाल्याकडं काळीज मागितलं
तर भलतंच मिळतं.
तिथल्या पाटीवरही ते
काळीज म्हणूनच विकतात.

दहा-बारा दिवसांनी काच तयार झाली.
मॅडम मायक्रोस्कोपवर वाकल्या त्या वाकल्याच.
बाहेर सहाचा भोंगा झाला,
चहावर साय धरली.
मग मान वर न करता त्यांनी विचारलं,
मल्लय्या, सतराच्या पिंजऱ्यावरची चिठ्ठी
फेकून दिलीस का?

नाही, मी म्हटलं.
खिशातच होती.