होडीच्या आकाराची पेटी

आमच्या गावामागच्या डोंगरावर, अगदी माथ्यावर,
एक लोखंडी टपालपेटी आहे. होडीच्या आकाराची.
डोंगरावर होडी कशाला, ते बनवणाऱ्या वेल्डरलाही सांगता आलं नाही.
आमच्या बास्क मुलखातली रीत अशी :
वर पोचलं की आपलं कार्ड पेटीत टाकायचं,
आधीच्याचं उचलायचं, खाली येऊन तिकीट लावून
ज्याचं त्याला धाडायचं.
तू खरंच गेला होतास, याला एका अनोळखी माणसाची साक्ष.

आम्ही चौघं. इरात्से, गार्बिन्ये, कोल्दो आणि मी.
ओळख लेथवरची. कारखाना बंद पडला,
रविवार चालू राहिला.

ऑक्टोबरात बीचच्या रानात घोट्यापर्यंत पानं.
बोलता बोलता इरात्से गप्प होते,
म्हणजे तिला अळंबी दिसलेली असते.
अशा वेळी मागे वळून बघायचं नाही.
ती जागा तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलेली नाही.
खिंडीत ती पुन्हा भेटते, पिशवी जड, चेहरा कोरा.

जानेवारीत सिरिमिरी.
पाऊस म्हणावा तर पडत नाही,
धुकं म्हणावं तर सदरा पिळावा लागतो.
माथा दिसत नाही, चढ संपला की पोचलो म्हणायचं.
त्या जानेवारीत चढाच्या आधी
कोल्दोचा गुडघा संपला.
दगडावर बसला, टोपी काढली, म्हणाला,
“तुम्ही व्हा पुढे. मी जरा याच्याशी बोलतो.”

वर गेलो तिघं. करायचं काय ते सुचेना.
गार्बिन्येने सवयीने ऑम्लेटचा पाव
चार तुकड्यांत कापला, मग सुरीकडे बघत राहिली.
चौथा तुकडा खाली आणला, भिजका.
त्याने तो मुकाट्याने खाल्ला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सपाटीवर चाला.
सपाटी!
आमच्या गावात सपाट म्हणजे फुटबॉलचं मैदान,
तेही एका कोपऱ्यात घसरतं.

मग आम्ही पेटीत त्याच्या नावाचं कार्ड टाकू लागलो.
मार्चमध्ये टाकलं, आठवड्यात त्याच्या दारी टपाल :
“तुमचं कार्ड सापडलं. वारा खूप होता.
माझी टोपी गेली. अमाया, वय नऊ.”
मेमध्ये, मेंढरं वर चढली तेव्हा,
कुणा शिक्षकाचं, शुद्धलेखनाच्या एका चुकीसह.
ऑगस्टात आम्ही पहाटे चारला निघालो,
ऊन तापायच्या आत. गिधाडं अजून कड्यावर बसलेली,
पंखांना हवेची वाट बघत.
त्या खेपेला एका बसड्रायव्हरने विचारलं,
“तुम्हाला वरून समुद्र दिसला का? मला नाही.”

कोल्दो भडकला. समुद्र दिसतोच!
उजवीकडे, दोन सुळक्यांच्या फटीत, बोटभर.
तीन पानी उत्तर लिहिलं, नकाशासकट.
मग आम्हाला बोलावून म्हणाला,
“बस झालं आता. मी घरी बसतो
आणि लोक मला शाबासकी देतात.”

परत ऑक्टोबर. दक्षिणेचा वारा सुटलेला,
ज्यात आमच्याकडे माणसं उगीच भांडतात.
कोल्दो आला. दोन काठ्या, तीन पाय, असं त्याचंच गणित.
झऱ्यापर्यंत. पहिल्या बीचपर्यंत. तिथे थांबला.
त्या दिवशी वर कुणीच गेलं नाही.
पाव खाल्ला. भांडलो, चीज कुणी विसरलं यावरून.
निघताना त्याने खिशातून कार्ड काढलं,
दगडाखाली सरकवलं.
“इथे पेटी नाही,” इरात्से म्हणाली.
“माहीत आहे,” तो म्हणाला.

गुरुवारी मी एकटाच जाऊन आलो.
कार्डावर नाव, तारीख, आणि उंचीच्या जागी
त्याने नेहमीसारखा चोख आकडा लिहिला होता :
चारशे बारा मीटर.
तिकीट लावलं. मागे दोन ओळी लिहिल्या,
डाव्या हाताने.

रविवारी म्हणाला, “टपाल आलंय.”
“कुणाचं?”
“आहे एक जण. अक्षर गचाळ आहे,
पण वाट ओळखतो.”