ठोके आले

रात्री नऊला आमच्या चौथ्या स्कीममध्ये
एकाच वेळी तीस-चाळीस घरांतून
तीच शीळ ऐकू येते, मग दार वाजतं,
आणि रंगनाथ ठोके आत येतात.
खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल,
पायात दोन वेगळ्या चपला.
“काळजी सोडा, वहिनी. हे काय, पाच मिनिटांचं काम.”

पाच मिनिटांत भिंतीतून पाणी,
दहा मिनिटांत पंख्यातून धूर,
बाराव्या मिनिटाला ठोके स्वतःच माळ्यावर अडकलेले
आणि घरमालक शिडी घेऊन बाहेर गेलेला.
सोळा वर्षं हेच चाललंय.
माझं लग्न झालं, मोडलं, मी सिडकोत परत आले,
ठोक्यांच्या मिशीतला एक केस पांढरा झाला नाही.

वडील अंबडला टूलरूममध्ये होते.
एकतीस वर्षं.
केसाचा दहावा भाग इकडेतिकडे झाला
तरी जॉब लाल पेटीत.
व्हर्नियर लावायच्या आधीच त्यांच्या बोटांना माप कळायचं,
असं निकमकाका सांगतात. वडील काहीच सांगत नाहीत.
घरातही तसंच. बिजागरी कुरकुरली
की रात्री साडेदहालाही तेलाची बुधली.
आमच्याकडे कधी काही लोंबलं नाही,
गळलं नाही, डुगडुगलं नाही,
आणि नऊ वाजेपर्यंत कुणी फारसं हसलंही नाही.

नऊला मात्र हाच माणूस
ठोके आटे उलटे फिरवताना बघून
मांडीवर थापा मारतो,
“अरे डावीकडे! डावीकडे, बैला!”
डोळ्यांतून पाणी येतं, ते बनियनला पुसतो.
मला लहानपणी वाटायचं, हसतात ते ठोक्यांना.
मग एका दिवाळीत कपाट आवरताना सापडला
कंपनीच्या शिक्क्याचा पिवळा कागद.
चारशे नग नापास. खुलासा द्यावा.
एक वेतनवाढ रोखण्यात येत आहे.
घडी इतकी सरळ, जणू फूटपट्टीने घातलेली.
मी तो होता तसा ठेवला.

ठोक्यांना कुणी खुलासा मागत नाही.
पडलेल्या भिंतीकडे बघून वहिनी एवढंच म्हणतात,
“ठोके, आधी चहा घ्या.”
आणि उद्या भिंत जागेवर असते.
प्लास्टरसकट. कॅलेंडरसकट.

यंदा मार्चमध्ये ओट्याचा नळ ठिबकायला लागला.
वडिलांचा उजवा हात हल्ली थरथरतो,
चमचा बशीवर वाजत राहतो.
मी म्हटलं, प्लंबरला बोलावू.
“हे काय, पाच मिनिटांचं काम,”
बोलून गेले, आणि स्वतःच थबकले.

मेन कॉक बंद केला होता.
किंवा केला नव्हता.
पाणी थेट छताला,
छतावरून मिक्सरवर, पोळ्यांवर, आईच्या चष्म्यावर.
वडील उभे, नळ हातात,
भिंतीला नळ नाही,
आणि चेहऱ्यावर तो पिवळा कागद.

मी कॉककडे धावले.
आईने पदराने चष्मा पुसला, परत घातला,
त्यांच्याकडे नीट बघितलं.
“ठोके,” ती म्हणाली, “आधी चहा घ्या.”

कुणी काही बोललं नाही.
छत ठिबकत होतं.
मग बनियन, तेही ओलंच, डोळ्यांना.

दुसऱ्या दिवशी पवननगरहून खरा प्लंबर आला.
विशी-बाविशीचा पोरगा, कानात गाणी.
चार मिनिटं, तीनशे रुपये,
एक थेंब सांडला नाही, चहाही नको म्हणाला.
तो गेल्यावर वडिलांनी
नळ दोनदा उघडला, दोनदा बंद केला.
“काम चोख आहे,” म्हणाले,
“पण त्यात राम नाही.”