उजेडाची तारीख

ओउलू, डिसेंबर. बाहेर उणे बावीस.
ताउनो हुर्स्काइनेन दारातच बूट झटकतो.
काखेत निळी पेटी,
बर्फाला भोक पाडून धरलेले मासे ठेवायची.
आज तिच्यात गरम पाण्याची बाटली, लोकरीचा मफलर,
आणि मफलरात इग्वाना.

"माझा नाही," तो आधीच सांगून टाकतो.
तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू
दोन महिन्यांचं भाडं बुडवून गेला, हा मागे राहिला.
इमारतीची देखभाल ताउनोकडे:
गळके नळ, जिन्यातले दिवे, अडकलेली लिफ्ट.
तशीच ही एक तक्रार.
नाव?
"वुओक्रा." म्हणजे भाडं.

मी टेबलावर टॉवेल अंथरते.
माझ्या सगळ्या शिक्षणात सरपटणाऱ्यांची दोनच व्याख्यानं,
त्यातलं एक मी झोपेत काढलेलं.
बाकीचं शिकले ते मेलेल्यांकडून.
हे प्राणी दुखणं बोलत नाहीत.
रानात जो कण्हला तो आधी खाल्ला गेला,
म्हणून हा गप्प,
आणि गप्प आहे म्हणून माणसं उशिरा आणतात.
कुंपण तर दूरच, याची धाव
गेले पंधरा दिवस पाण्याच्या वाडग्यापर्यंतही नव्हती.

बोटाने जबडा दाबते.
दबतो.
भिजल्या पुठ्ठ्यासारखा, आणि सावकाश परत येतो.
मागच्या पायाची बोटं थरथरतायत.
मांड्या गुबगुबीत. "खाऊनपिऊन आहे," ताउनो म्हणतो.
ती चरबी नव्हे. हाड हरू लागलं
की शरीर त्याच्याभोवती लिंपण चढवतं.
एक्स-रेवर सांगाडा शोधावा लागतो,
धुक्यातल्या बर्चच्या झाडांसारखा.

"ऊन?" मी विचारते,
आणि आम्ही दोघं खिडकीकडे बघतो.
साडेदहाला उगवून दोनला जाणारं ते.
"दिवा आहे ना. दिवसभर चालू. खिडकीतही बसवतो."
दिवा त्याने आणलाय, वर्तमानपत्रात गुंडाळून.
लावते. लख्ख.
खाली मीटर धरते. शून्य.
"मीटर बिघडलंय," तो म्हणतो,
तीस वर्षं दिवे बदलणारा माणूस.
मी माझा नवा दिवा लावते, आकडा चढतो.
पुन्हा त्याचा. शून्य.
डोळ्यांना पुरणारा उजेड होता त्यात,
हाडांना लागतो तो केव्हाच विझलेला.
आणि खिडकीची काच,
ती ऊन आत घेते, त्यातलं सत्त्व बाहेर ठेवते.

बराच वेळ तो होल्डरशी चाळा करत राहतो.
"आठ महिने," म्हणतो,
"मी त्याला नुसता उजेड दाखवत होतो."

शेपटीतून रक्त काढते. कॅल्शियमची सुई, सावकाश.
पुस्तकात मात्रेचा आकडा आहे,
पण तो इतक्या मऊ हाडांसाठी लिहिलेला नाही.
थोडा कमी करते, आणि सांगते की हा अंदाज आहे.
पालक बंद. सिरप थेंब थेंब, जबडा न ओढता.
उचलताना पोटाखाली तळहात, कधीही शेपटी नाही.
भाड्याच्या पावतीच्या पाठीवर
तो सगळं लिहून घेतो, मोठ्या अक्षरात.
रात्री फोन करतो: थेंब कोमट हवेत का?
मला माहीत नव्हतं. हो म्हणाले.

मे महिन्यात पेटी तीच, बाटली नाही.
जबडा घट्ट झालाय, पण वाकडा. तसाच राहील.
पाठीचं पोकही.
ताउनो खिशातून डँडेलियनचं चुरगळलेलं फूल काढतो.
वुओक्रा जिभेने चाचपतो, सोडून देतो,
आणि माझ्या अंगठ्याला कडकडून चावतो.
रक्त. मी ओरडते.
ताउनो माफी मागत सुटतो, दोनदा, तीनदा,
आणि मी नळाखाली अंगठा धरून हसतेय,
का ते त्याला कळत नाही.

बिल देताना दिव्याचा फोटो दाखवतो,
बुडाशी मार्करने तारीख: बारा नोव्हेंबर.
"तेव्हा चालू असेल," म्हणतो, "तरी काढायचा."
जिन्यातल्या दिव्यांवरही आता तो तारखा टाकतो.
तिथे गरज नाही, हे मी सांगितलं नाही.