प्रॉम्प्टर

वडशाच्या कंपनीत बत्तीस हंगाम
मी विंगेत उकिडवा बसून काढले.
मांडीवर वही, वहीवर टॉर्च,
आणि पुढं उजेडात मुखरू दोनाडकर,
आमचा खलनायक.

आधी काडी पेटायची,
मग धूर, मग मुखरू.
शंकरपटाला आलेली पोरं शिट्ट्या मारत,
म्हाताऱ्या कडाकडा बोटं मोडत.
वहीत लिहिलेलंच होतं :
पहिल्या अंकात दोन, दुसऱ्यात तीन,
शेवटी, मरण्याआधी, एक.
हंगामात नव्वद नाटकं.
ट्रकातल्या, पहाटेच्या चहावरच्या वेगळ्या.
"थंडी हाय गा," म्हणायचा, "गरा शेकतो."

धानकापणीला आवाज बसला.
आम्ही म्हटलं, जागरण.
ज्येष्ठमध झालं, लाखांदूरची पुडी झाली.
मानेला बोराएवढी गाठ आली
तेव्हा नागपूर.

डॉक्टरीणबाईनं विचारलं,
रोज किती? किती वर्षं?
मुखरूनं माझ्याकडं पाहिलं,
वाक्य विसरल्यावर पाहायचा तसंच.
मी आकडा दिला.

आता त्याच्या गळ्याला रुपयाएवढं भोक आहे.
वहिनी त्यावर जाळीचा रुमाल बांधते.
श्वास तिथून, खोकलाही तिथूनच.
ज्या तलावात तो दुपार-दुपार डुंबायचा
त्यात गुडघ्यापुढं जायचं नाही.
मोहफुलं पडली, पण वास येत नाही म्हणतो.
म्हणतो म्हणजे
ओठ हलवतो.

ते मला वाचता येतात.
बत्तीस वर्षं मी दुसरं काय पाहिलं?
बँकेत, दुकानात, नातीच्या शाळेत
तो हलवतो, मी बोलतो.
मोठ्यानं बोलायची सवय नाही मला,
घसा लगेच कोरडा पडतो.

यंदा त्याच्या जागी नवा पोरगा आला,
अर्जुनीचा, मिशीही धड नाही.
पाया पडून म्हणाला,
"काका, शिगरेट कशी धरू, जरा दाखवा ना जी."
मी मुखरूच्या ओठांकडं पाहिलं.
ते हलले नाहीत.
त्यानं रुमाल सोडला,
पोराचा तळहात धरून भोकासमोर नेला
आणि नुसता श्वास सोडला.
पोरानं हात मागं ओढला,
मग बराच वेळ धोतराला पुसत राहिला.

रात्री तिसरी घंटा झाली.
वहीत ती ओळ अजून तशीच आहे,
खोडायला माझ्याकडं पेन नव्हता.
विंगेपलीकडं अंधारात पोरगा उभा,
हातात काडेपेटी.
मी टॉर्च विझवला.