हाकेच्या अंतरावर

एर्मोसियोच्या नगररचना खात्यात
माझं काम चौक मोजायचं.
तीन वाटा भेटल्या की एक ठिपका.
दोनच असल्या तर ते नुसतं वळण, ते धरायचं नाही.
एकच असली तर रस्ता तिथं संपला.
लाल फुली.

जुन्या गावात ठिपके खसखशीसारखे सांडलेत.
न्हाव्याच्या दुकानातून चर्चला
पाच वाटांनी जाता येतं,
उधारी थकलेल्याला सहावीही सापडते.

उत्तरेला कागद पुरत नाही.
यंदा दोन ताव जास्तीचे चिकटवले.
परवापर्यंत तिथं मेस्किटची झुडपं होती,
आता नकाशाच झाडासारखा वाढतोय :
एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या,
प्रत्येक डहाळीच्या टोकाला
माझी लाल फुली, फळ धरावं तशी.
या डहाळीवरून त्या डहाळीवर जायचं
तर आधी खोडापर्यंत उतरा.
खार उडी मारते.
ओब्दुलियाला ती मारता येत नाही.

ओब्दुलिया बदामांच्या नावाच्या वसाहतीत इस्त्री करते
(बदामाचं झाड एकही नाही).
तिची बहीण प्रुदेन्सिया भिंतीपलीकडच्या वसाहतीत
कुणाचं तरी बाळ सांभाळते.
भिंतीवर विजेची तार.
दुपारी एक हाक मारते, दुसरी ओ देते.

मी टेप धरली. हाक : अकरा मीटर.
रस्ता : चार हजार दोनशे.
दोन फाटकं, दोन वह्या, दोनदा ओळखपत्र,
आणि ऑगस्टचं ऊन, ज्यात
कुत्रीसुद्धा भिंतीची सावली सोडत नाहीत.

अहवालात मी भागाकार लिहिला.
साहेब म्हणाले, हे एकक कसलं?
मला सांगता आलं नाही.
नाकासमोर चालणाऱ्या दोन बायका, म्हणालो,
आणि नाकासमोर भिंत.
ते हसले. सही केली नाही.

गुरुवारी परत गेलो.
भिंतीच्या तळाशी पावसाचं पाणी जायला
वीतभर भोक ठेवलंय.
पाऊस इथं क्वचितच, पण नियम म्हणजे नियम.
ओब्दुलिया गुडघ्यांवर बसली होती.
फडक्यात गुंडाळलेल्या गव्हाच्या तोर्तिया
आधी गेल्या, मग तिचा हात, कोपरापर्यंत.
बराच वेळ हात परत आला नाही.

पाण्याची एक वाट.
मांजर येतं-जातं, ती दुसरी.
तिसरी मी पाहिली.

कचेरीत येऊन
तेवढ्या जागी एक ठिपका दिला.
पेन्सिलीनं.
खोडरबर साहेबांच्या खणात असतो.